थेंबमामांच्या दारातला थेंब

थेंबमामांना कुणी त्यांचं खरं नाव विचारलं तर त्यांनाच क्षणभर आठवावं लागे. चाळीस वर्षं लोकांचे नळ, टाक्या आणि पाइप यांच्या मागे लागलेला हा माणूस. कुठे थेंब गळताना दिसला की यांचा हात पान्याकडे जायचा. एकदा एका ओळखीच्या आजारी माणसाची विचारपूस करायला गेले, आणि पलंगाजवळ दोन मिनिटं बसून जे मोरीत शिरले ते तासाभराने बाहेर आले. त्या आजारी माणसाला उठायला पुढे महिना लागला, पण त्याचा नळ त्याच दिवशी बरा झाला. तेव्हापासून गल्लीने त्यांचं नाव थेंबमामा ठेवलं, आणि त्यांच्या बायकोच्या वाट्याला आपोआप मामीपण आलं.

मामांचा कामाचा एक रिवाज होता. जोड आवळून झाला की ते त्याच्याखाली जुन्या वर्तमानपत्राचा कागद पसरत आणि त्या घरच्या माणसांना सांगत, "सकाळी उठून हा कागद बघायचा. कोरडा असेल तर माझं नाव विसरा. एक जरी डाग असेल, तर मी हातातला घास टाकून येतो." घास टाकून जायची वेळ चाळीस वर्षांत तीनदा आली, आणि तिन्ही वेळा वॉशरच खराब निघाला, असं मामा आजही छातीठोकपणे सांगतात. वॉशरांची बाजू मांडणारं कुणी नसल्यामुळे ते खपून जातं.

आता अशा माणसाच्या स्वतःच्या दारात, स्वतःच्या गाडीखाली थेंब पडावा, आणि तोही ब्रेकच्या तेलाचा, याला काय म्हणावं?

गाडी सव्वीस वर्षांची. रंग आकाशी, निदान कागदोपत्री तरी. मामी तिला वीस वर्षं "माझी सवत" म्हणत आल्या, कारण मामा जेवढ्या वेळा तिचं बॉनेट उघडत तेवढ्या वेळा घरातलं कपाट उघडत नसत. पण गेल्या वर्षी मामींची थोरली बहीण न्हाणीघरात घसरून पडली, तिचं खुब्याचं हाड मोडलं, आणि ती अंथरुणाला खिळली. ताईचं गाव पन्नास किलोमीटरवर. मामी म्हणायच्या, "अहो, ताईकडे जाऊन येऊ." मामा म्हणायचे, "रविवारी जाऊ." आणि रविवार आला की कुणाची ना कुणाची टाकी वाहू लागायची. असे किती रविवार वाहून गेले, ते मामींनाच ठाऊक. शेवटी साठीला आलेल्या मामींनी एका सकाळी चहाचा कप मामांसमोर ठेवला आणि सांगितलं, "मी गाडी शिकतेय. क्लासला नाव घातलंय."

मामांना वाटलं, चार दिवसांचं वेड आहे. पण वेडाचे सहा महिने झाले. मामींना शिकाऊ लायसन्स मिळालं, क्लच कळला, गिअर कळले, आणि पक्क्या लायसन्सच्या परीक्षेची तारीखही लागली. सोमवारी सकाळी दहाला, स्वतःची गाडी घेऊन हजर राहायचं. त्याच आठवड्यात शिकाऊ लायसन्सची मुदत संपत होती. ही तारीख हुकली तर सगळं पहिल्यापासून.

शुक्रवारी संध्याकाळी गल्लीच्या टोकाला मामी गाडी वळवत होत्या. मामा शेजारच्या सीटवर, नेहमीसारखे हँडब्रेकवर हात ठेवून बसलेले. या हाताचा मामींना भयंकर राग यायचा. मागच्या तीन आठवड्यांत तो हात तिथून हलला नव्हता.

"अहो, काढा तो हात. मी काय गाडी पळवून नेतेय?"

"राहू दे. सवय आहे."

"सवय कसली? चाळीस वर्षांत तुम्ही माझा हात एवढा वेळ धरला नाहीत."

एवढ्यात समोर कचऱ्याचे दोन डबे आले. मामींनी ब्रेक दाबला. पाय पेडलसकट थेट तळाला टेकला, जसा चिखलात रुततो. गाडी आपल्या चालीने पुढे गेली, मामांनी हँडब्रेक खेचला, आणि एक डबा आडवा झाल्यावर ती म्हातारी गाडी थांबली.

मामींनी गाडी बंद केली. मग शांतपणे म्हणाल्या, "हा माझा दोष नव्हता."

नव्हताच. हे मामांना त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मागच्या उजव्या चाकाच्या आतल्या बाजूला एक थेंब जमतो, हे त्यांनी तीन आठवड्यांपूर्वीच पाहिलं होतं. ज्या माणसाने शेजाऱ्याच्या मोरीतल्या टपटपीने झोप उडवून घेतली, त्याने आपल्या दारातला थेंब बघून काय केलं असेल? काही नाही. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून बॉनेट उघडायचं, ब्रेक ऑइलच्या डबीत चमचाभर तेल भरायचं, आणि बॉनेट अलगद लावून चहाला बसायचं. थेंबमामांच्या आयुष्यात न दुरुस्त केलेला हा पहिलाच थेंब. आणि ही गोष्ट मामींना ठाऊक नाही, असा त्यांचा ठाम समज होता.

*

गॅरेजवाल्याने फोनवर सांगितलं, "बुधवारी आणा."

"सोमवारी परीक्षा आहे रे हिची."

"मग पुढच्या सोमवारी द्या की!" म्हणून त्याने फोन ठेवला.

मामा म्हणाले, "ठीक आहे. पाइपच आहे ना? मी घरीच बदलतो."

मामींनी भुवई वर केली. "ब्रेकचा पाइप आहे तो. भांडी घासायच्या जागेचा नाही."

"पाइप म्हणजे पाइप. आत पाणी असलं काय आणि तेल असलं काय. आजवर किती पाइप घातले माहीत आहे? एकापुढे एक ठेवले तर तुझ्या ताईच्या दारापर्यंत जातील."

"पाइप गेले असते हो. तुम्ही कुठे गेलात?"

मामा जॅक शोधायला गेले.

शनिवारी सकाळी चहा व्हायच्या आत मामींचा धाकटा भाऊ येऊन टपकला. हा विमा विकायचा. हाताने कधी काही केलं नाही, पण कसं करावं हे त्याला सगळं ठाऊक असायचं. तो अंगणात खुर्ची टाकून बसला, मांडीवर मोबाईल घेतला, आणि म्हणाला, "भाऊजी, मी रात्री तीन व्हिडिओ बघितलेत. सोपं आहे. बारा मिनिटांचं काम."

"मग ये. झोप गाडीखाली."

"माझी कंबर, भाऊजी."

"तुझ्या कंबरेचा विमा काढलायस ना? मग घाबरतोस कशाला?"

मेहुणा हसला आणि खुर्चीत आणखी आरामात बसला.

मामांनी पुढच्या चाकांना विटा लावल्या, गाडी मागून उचलली, खाली लाकडाचे ठोकळे दिले, ते दोनदा हलवून पाहिले, आणि पाठीवर सरपटत आत गेले. खालून बघितल्यावर त्यांना पहिल्यांदा त्या पाइपाची कीव आली. पेन्सिलीएवढा जाड लोखंडी पाइप. सव्वीस वर्षं चिखल आणि पाणी खाऊन त्याच्या अंगावर गंजाचे पापुद्रे धरलेले. एका क्लिपच्या खाली तो इतका खंगला होता की नखाने भोक पडलं असतं. तिथूनच तेल झिरपत होतं.

मग सुरू झाली नटाशी झटापट. नट गंजून पाइपाशी एकजीव झालेला. मामांनी गंज सोडवायचं तेल मारलं, थांबले, पाना लावला, जोर दिला. पाना घसरला आणि त्यांची बोटं चॅसीच्या लोखंडावर आपटली.

"आई गं!"

"काय झालं?" मेहुण्याने मोबाईलवरून नजर न काढता विचारलं.

"काही नाही. गाडीला नमस्कार केला."

दुसऱ्यांदा पाना घसरला तेव्हा नटाचे कोपरे गोल झाले. तिसऱ्यांदा घसरला तेव्हा मामांनी गाडीच्या कंपनीच्या, त्या कंपनीत तो नट आवळणाऱ्या अज्ञात माणसाच्या आणि त्या माणसाला कामाला ठेवणाऱ्या साहेबाच्या कुळाचा उद्धार केला. वरून मेहुणा म्हणाला, "भाऊजी, यात दाखवलंय, असा साधा पाना लावायचाच नाही. नटाला चहूबाजूंनी धरणारा असतो."

"आता सांगतोस?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

शेवटी मामांनी नटालाच पकडीत घट्ट धरलं आणि सगळा जीव एकवटून फिरवलं. नट सुटला. सुटला तो त्यांच्या तोंडावर ब्रेकच्या तेलाची चूळ भरूनच. तेल डोळ्यात गेलं, कानात गेलं, मिशीत गेलं. मामी नळावर पाण्याचा जग भरून धावत आल्या, त्यांनी मामांना बाहेर ओढलं, आणि डोळ्यांवर पाणी ओततच म्हणाल्या, "चष्मा लावा म्हणून सकाळी कोण सांगत होतं?"

"तूच."

"ऐकू आलं होतं का?"

"आलं होतं."

"बरं. मला वाटलं कानातच तेल गेलंय."

तेवढ्यात मेहुण्याने मदत म्हणून ब्रेक ऑइलचा डबा उचलला आणि "मी वरून भरून ठेवतो" म्हणत तो डबी सोडून बाजूच्या पत्र्यावर सांडला. मग ते फडक्याने पुसलं, म्हणजे तळहाताएवढं सांडलेलं हातभर पसरवलं. दुपारपर्यंत तिथला आकाशी रंग सुरकुतला आणि भाजलेल्या कातडीसारखा सुटू लागला. मामांनी ते बघितलं, मेहुण्याकडे बघितलं, आणि डबा उचलून त्याच्या हाताला लागणार नाही असा ठेवला. 

*

जुना पाइप हातात घेऊन मामा स्पेअरच्या दुकानात गेले. दुकान एक बाई चालवायची. तिच्या मागच्या फळ्यांवर अर्ध्या शहराच्या गाड्यांचं पोट उघडून ठेवलेलं.

तिने पाइप बघितला. "मागच्या चाकाचा. तयार मिळतो, दोन्ही टोकं केलेला. नट बसवलेले."

"मला नुसता पाइप द्या आणि नट द्या. टोकं मी करतो."

"काका, याचं तोंड दुहेरी दुमडलेलं असतं. एकदा फाकवायचं आणि तेच आत वळवायचं. वेगळं हत्यार लागतं."

"बाई," मामा म्हणाले, "तुम्ही शाळेत होतात तेव्हापासून मी पाइपांची तोंडं फाकवतोय."

"पाण्याच्या ना?"

"पाइपांची!"

बाईने खांदे उडवले आणि पाइप मोजून कापून दिला. मामा दारातून बाहेर पडत होते तेव्हा मागून ती म्हणाली, "तयार पाइप बाजूला काढून ठेवते. आठ वाजेपर्यंत उघडं आहे." हे वाक्य मामांना घरापर्यंत चावत आलं.

घरी त्यांनी आपलं जुनं हत्यार काढलं, पाइपाची दोन्ही टोकं नीट फुलवली, जुन्या पाइपाची वळणं नव्याला दिली. वळणं सुरेख झाली. खोटं कशाला बोला, मामांच्या हातात कसब होतंच. मग त्यांनी खिशातून गळती अडवायची पांढरी टेप काढली आणि नटाच्या आट्यांवर तीन वेढे घेतले. हात न सांगता तिकडे गेला. चाळीस वर्षांत टेप न लावता त्यांनी एक जोड केला नव्हता. आट्यांवर टेप नसली की त्यांना माणूस बनियनशिवाय दारात उभा राहिल्यासारखं वाटायचं.

मेहुणा मोबाईलमध्ये डोकं घालून म्हणाला, "यात टेप दाखवलेली नाही, भाऊजी."

"त्याला टेप मिळाली नसेल."

मामी गाडीत बसल्या. मामा खालून म्हणाले, "दाब."

मामींनी दाबलं. जोडातून आधी एक मणी फुटला, मग त्याची माळ झाली, आणि मग टेपच्या पांढऱ्या कडेखालून तेल असं वाहू लागलं की जणू चाळीस वर्षं दाबून ठेवलेलं एकदाच बोलून घेतंय. मामांनी नट आवळला. आणखी आवळला. पांढऱ्या टेपचे तुकडे सुटून तेलात पोहू लागले. आता मामांना कळलं. इथे आटे तेल अडवत नाहीत. अडवतं ते पाइपाचं तोंड, दुसऱ्या तोंडावर घट्ट बसून. आटे नुसते दाबून धरतात. टेप कितीही गुंडाळा, तोंड नीट बसलं नाही तर सगळं फुकट. पाण्याचा नळ चुकला तर फरशी ओली होते. इथे चुकलं तर पुढे कचऱ्याचा डबाच असेल असं नाही.

ते बाहेर आले, पाना जमिनीवर टाकला आणि म्हणाले, "राहू दे. जाऊ दे ही तारीख. पुढच्या वेळी दे परीक्षा."

 मेहुण्याने व्हिडिओ थांबवला.

मामी गाडीतून उतरल्या आणि घरात गेल्या. मामांना वाटलं, रडायला गेल्या. पण त्या परत आल्या त्या हातात वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन. त्यांनी एक कागद जमिनीवर ठेवला. त्यावर रुपयाएवढा तेलाचा डाग. दुसरा ठेवला. त्यावरही डाग. तिसरा. चौथा.

"हा मागच्या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेचा," मामी म्हणाल्या. "हा एकोणतीसचा. मी मोजलेत, एकोणीस आहेत. रोज संध्याकाळी गाडीखाली ठेवत होते आणि पहाटे तुम्ही बॉनेट उघडायच्या आधी काढून घेत होते. कागद ठेवायला तुम्हीच शिकवलंत ना सगळ्या गावाला?"

मामांच्या मिशीतलं तेल हनुवटीवर आलं. ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

"तुला ठाऊक होतं?"

"तुमचा हात हँडब्रेकवरून हलेना, तेव्हा आधी वाटलं, यांचा माझ्यावर विश्वास नाही. दोन दिवस मी आतल्या आत जळले. मग म्हटलं, खाली बघू तरी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी बोलताय ते बघत होते."

मेहुणा हळूच उठला आणि म्हणाला, "तुम्ही बोला, मी जरा चहाचं बघतो." आयुष्यात पहिल्यांदा तो वेळेवर उठला.

मामांनी कागद गोळा करून त्यांची चळत केली. मग म्हणाले, "मला वाटलं, तारीख निघून जाईल. तू एकटी त्या रस्त्याने पन्नास किलोमीटर... मला ते बघवत नव्हतं. आणि..."

"आणि काय?"

"आणि तू एकटी जायला लागलीस की मग मला कोण म्हणणार, अहो, रविवारी ताईकडे जाऊ?"

मामींना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. एवढ्या लवकर हसलं तर नवऱ्याला सुटल्यासारखं वाटतं. त्या म्हणाल्या, "ब्रेक नसलेल्या गाडीत तीन आठवडे मला बसवलंत. हे मी विसरणार नाही. आता तोंड धुवा. दुकान आठला बंद होतं."

दुकानातल्या बाईने काउंटरवर तयार पाइप ठेवलेलाच होता. त्यावर चिठ्ठी डकवलेली होती: "टेपवाले काका." आपण टेप लावणार हे तिला कसं कळलं, ते मामांनी विचारलं नाही. बाईने नटाला चहूबाजूंनी धरणारा पानाही वर ठेवला आणि म्हणाली, "पाण्याची कामं करणारे सगळे लावतात, काका. लाज कसली."

"लाज कुणाला वाटतेय?" मामा म्हणाले. कान लाल होते.

*

नवा पाइप रविवारी सकाळी पाऊण तासात बसला. मामांनी टेपचा प्रत्येक तुकडा वेचून काढला, जोडाची तोंडं पुसली आणि मगच नट आवळले. उरली पाइपातली हवा काढायची. हे काम दोन माणसांशिवाय होत नाही. एकाने वर पेडल दाबून धरायचं. दुसऱ्याने चाकामागचा छोटा स्क्रू किंचित सैल करायचा, म्हणजे तेलाबरोबर हवा बुडबुडे होऊन निघते. मग स्क्रू बंद करायचा आणि तेव्हाच वरच्याने पाय उचलायचा. स्क्रू उघडा असताना पाय उचलला गेला की बाहेरची हवा आत, आणि पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्या तासात पुन्हा पहिल्यापासून सहा वेळा झालं.

"दाब. हं, दाब. अगं, दाबून धर. आता मी म्हणेपर्यंत सोडू नकोस. हे बघ, हवा कशी असते, की ती वर जाते, आणि म्हणून आपण सगळ्यात लांबच्या चाकापासून..."

"सोडू का?"

"नाही! म्हणजे, सोडलंस?"

"तुम्ही 'सोड' म्हणालात."

"मी 'सोडू नकोस' म्हणालो!"

"मग मधे प्रवचन कशाला देता?"

सातव्या वेळी मामींनी काचेतून डोकं बाहेर काढलं. "ऐका. तुम्ही फक्त दोन शब्द बोलायचे. 'दाब' आणि 'सोड'. तिसरा शब्द आला तर मी उतरून घरात जाईन. आमच्या क्लासचे सर एका तासात चार शब्द बोलतात, आणि वीस बायका शिकल्या त्यांच्याकडे."

मामांनी पाना पुन्हा स्क्रूला लावला.

"दाब," ते म्हणाले.

"दाबलं."

तेलात बुडबुडे. स्क्रू बंद.

"सोड."

"सोडलं."

"दाब."

"दाबलं."

चाळीस वर्षांच्या संसारात एवढा वेळ दोघांत एकदाही वाद झाला नाही, असा हा पहिलाच तास असेल. मामींचा पाय घड्याळासारखा चालत होता. खाली पडल्या-पडल्या मामांना त्या पायाचा ताल ऐकू येत होता, ना घाई, ना थरथर. बुडबुडे कमी झाले, बारीक झाले, संपले. मग मामा मामींच्या जागी बसले आणि त्यांनी पेडल दाबलं. ते अर्ध्यावर जाऊन दगडासारखं थांबलं. एक मिनिट जोर देऊन धरलं. पेडल सुतभरही खाली गेलं नाही.

मेहुणा आतून चहा घेऊन आला. "बघा, मी म्हटलं नव्हतं? बारा मिनिटांचं काम."

मामांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने तो चहा स्वतःच पिऊन टाकला.

संध्याकाळी मामींनी गाडीखाली कागद ठेवला, जोडाच्या बरोबर खाली. या वेळी मामांच्या समोर. सोमवारी पहाटे दोघेही एकाच वेळी दारात आले, आणि आधी कोण वाकतो यावरून थोडी ढकलाढकली झाली. कागद कोरडा होता. मामींनी तो उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी बघितला, घडी घातली, आणि मामांच्या शर्टाच्या खिशात ठेवली.

"विसाव्या कागदाला पास झालात," त्या म्हणाल्या. "आता माझा नंबर."

परीक्षेला जाताना मामा शेजारी बसले. सगळ्यात आधी त्यांनी मोकळ्या गल्लीत मामींना तीनदा ब्रेक मारायला लावला. तिन्ही वेळा गाडी नाक टेकून थांबली. मग त्यांनी हात मांडीवर ठेवले. हात मांडीवर ठेवणं किती अवघड असतं, हे त्यांना विचारा. वाटेतल्या प्रत्येक सिग्नलला त्यांचे दोन्ही पाय मात्र समोरच्या रिकाम्या जागेत दाबत होते. मामी पास झाल्या. परीक्षकाने रंग गेलेल्या पत्र्याकडे बोट दाखवून "हे काय झालं?" एवढंच विचारलं, आणि मामी म्हणाल्या, "माझा भाऊ."

कार्यालयाच्या फाटकातून गाडी बाहेर पडली, पण घराकडे वळली नाही.

"अगं, आपला रस्ता मागे राहिला."

"ताईकडे चाललेय. उतरायचं असेल तर सांगा, ब्रेक चांगले आहेत."

मामा उतरले नाहीत. तासाभराने गाडी ताईच्या दारात थांबली. ताई खिडकीजवळच्या पलंगावर बसल्या होत्या. धाकट्या बहिणीला गाडीच्या चाव्या हातात घेऊन आत येताना बघून त्यांनी आधी डोळे पुसले, आणि पुसून झाल्यावर दारात घोटाळणाऱ्या मामांना बघितलं.

"या, भाऊजी, या. आलात का शेवटी रविवारी?"

"आज सोमवार आहे, ताई," मामा पुटपुटले.

"हो का? मी आपली वर्षभर रविवारचीच वाट बघत होते. जरा ऐका बरं."

सगळ्यांनी कान दिला. आत न्हाणीघरातून आवाज येत होता. टप्. मग थोड्या वेळाने, टप्.

"त्याच ओल्या फरशीवर पडले मी," ताई म्हणाल्या. "तेव्हापासून तसाच गळतोय. कुणाला हात लावू दिला नाही. म्हटलं, आमचे भाऊजी येणार आहेत."

मामींनी मामांकडे बघितलं.  मामांनी बाह्या वर केल्या आणि ते न्हाणीघरात गेले. वॉशर झिजलेला होता. या वेळी खरोखरच. पण हे सांगायला ते बाहेर आले नाहीत. काम झाल्यावर त्यांनी खिशातला तो कोरडा कागद काढला, घडी उलगडली, आणि नळाखाली पसरला.

"दाब," बाहेरून मामींचा आवाज आला. त्या दारात उभ्या होत्या, हसू न आवरता.

मामांनी नळ दाबून बंद केला आणि दोघेही कागदाकडे बघत उभे राहिले.